खोट्या शपथेवर उभी राहिलेली खुर्ची

आमच्या वावरातून पलीकडच्या तीन शेतांकडे जाणारी एक जुनी बंडीवाट होती. मी आठवीत असताना वडिलांनी तिच्यावर काटेरी तार ओढली आणि पलीकडच्या कास्तकारांनी मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे अर्ज केला. त्या वाटेने पूर्वीपासून वहिवाट होती की नव्हती, एवढाच प्रश्न होता. आमच्याकडे अनेक वर्षे सालदार असलेल्या गड्याने ‘वाट कधी नव्हतीच’ असे शपथेवर सांगावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती मोडणे त्याला सोपे नव्हते, कारण त्याचे साल आमच्याच अंगणात ठरत असे आणि त्याच्या घरची ज्वारी आमच्याच कोठीतून जात असे. तारखेच्या आदल्या रात्री तो ओसरीजवळ येऊन उभा राहिला आणि वडिलांना म्हणाला, “मालक, त्या वाटेनं म्या सोता बंडी हाकली. शपथ घेऊन नाही म्हनू कसा?” दुसऱ्या दिवशी त्याने तहसीलदारांसमोर खरे ते सांगितले. वाट मोकळी झाली आणि पुढच्या पाडव्याला वडिलांनी त्याला सालावर ठेवले नाही. बायकालेकरांना घेऊन तो दुसऱ्या गावी गेला. मी तेव्हा गप्प राहिलो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

राजकीय नेत्याने शपथेवर खोटे सांगितले तर त्याला पदावरून दूर करावे काय, हा प्रश्न जेव्हा जेव्हा चर्चेला येतो तेव्हा मला तो सालदार आठवतो. खरे सांगण्याची किंमत त्याने वर्षाच्या भाकरीने मोजली आणि त्या बदल्यात त्याला काहीही मिळायचे नव्हते. शपथ ही गोष्ट गावातल्या सर्वांत गरीब माणसावर इतकी बंधनकारक असेल, तर ज्याच्या हाती कायदा करण्याची आणि राबवण्याची सत्ता आहे त्याच्यावर ती निदान तितकी तरी बंधनकारक असली पाहिजे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. शपथेवर, जाणूनबुजून आणि समोरच्याचा निर्णय ज्यावर अवलंबून आहे अशा बाबतीत खोटे सांगणाऱ्या नेत्याला पदावर राहण्याचा अधिकार उरत नाही. मात्र ते खोटे न्यायालयात ठराविक मुदतीत सिद्ध झाले पाहिजे, आणि त्याचा निवाडा त्याच्या पक्षाच्या किंवा विरोधी पक्षाच्या आमदार-खासदारांच्या हाती असता कामा नये. पद जाणे ही मी शिक्षा मानत नाही. फसवून घेतलेली संमती ज्याची त्याला परत करणे, असे मी त्याकडे पाहतो.

या प्रश्नाचा जगभर सर्वाधिक चर्चिला गेलेला दाखला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचा आहे, आणि त्याचा तपशील नीट पाहिल्याशिवाय त्यावर मत देणे बरोबर नाही. आर्कान्सा राज्याच्या एका माजी कर्मचारी महिलेने, क्लिंटन त्या राज्याचे गव्हर्नर असतानाच्या १९९१ मधील वर्तनाबद्दल त्यांच्यावर दिवाणी दावा केला होता. पदावरील राष्ट्राध्यक्षाला अशा दाव्यापासून संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये एकमताने दिला. त्यानुसार १७ जानेवारी १९९८ रोजी त्यांची शपथेवर जबानी झाली. त्या जबानीत त्यांनी व्हाइट हाउसमधील एका तरुण प्रशिक्षणार्थी महिलेशी असलेले संबंध नाकारले. पुढे १७ ऑगस्टला ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे काय हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, त्यांना पुन्हा साक्ष द्यावी लागली. १९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधी सभेने ग्रँड ज्युरीसमोरील खोट्या साक्षीचा आरोप २२८ विरुद्ध २०६ मतांनी, तर न्यायकार्यात अडथळा आणल्याचा आरोप २२१ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर करून महाभियोग चालवला. १२ फेब्रुवारी १९९९ रोजी सिनेटमध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाच्या बाजूने ४५ आणि विरोधात ५५ मते पडली, अडथळ्याच्या आरोपावर ५० विरुद्ध ५० अशी विभागणी झाली. दोषी ठरवायला ६७ मते लागत होती, म्हणून ते पदावर राहिले.

क्लिंटन यांच्या बाजूने तेव्हा जो युक्तिवाद झाला तो आपल्याकडेही अनेक सुशिक्षितांना पटला होता. माणसाच्या खाजगी आयुष्यातील लपवाछपवी आणि राज्यकारभार या वेगळ्या गोष्टी आहेत, मुळात असा प्रश्न विचारलाच जायला नको होता, आणि विचारणाऱ्यांचा हेतू राजकीय होता, असे ते म्हणणे होते. यातले शेवटचे म्हणणे मी मान्य करतो. पण पहिल्या म्हणण्यात एक माणूस हरवलेला आहे, आणि तो म्हणजे ती फिर्यादी महिला. राज्याची एक साधी कर्मचारी राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याविरुद्ध दाद मागते, देशाचे सर्वोच्च न्यायालय तिला तो हक्क आहे असे सांगते, आणि समोरचा माणूस शपथ घेऊन तिच्या वकिलांच्या प्रश्नाला खोटे उत्तर देतो. प्रश्न लज्जास्पद होता, म्हणून उत्तर टाळण्यासाठी न्यायालयात हरकत घेण्याचा मार्ग होता. खोटे सांगण्याचा मार्ग कुणालाही नव्हता. तिचा दावा एप्रिल १९९८ मध्ये फेटाळला गेला आणि ती अपिलात असताना नोव्हेंबरमध्ये साडेआठ लाख डॉलरवर तडजोड झाली. पण ज्या न्यायाधीश बाईंनी तो दावा फेटाळला होता त्यांनीच एप्रिल १९९९ मध्ये क्लिंटन यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले. आपण दिशाभूल करणारी उत्तरे दिली हे क्लिंटन यांनी मान्य केले ते १९ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, आणि त्याच समझोत्यात त्यांची वकिलीची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली. म्हणजे वकील म्हणून जे वर्तन क्षम्य ठरले नाही, ते राष्ट्राध्यक्ष म्हणून खपून गेले. हे मला पटत नाही. त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता, असे मी मानतो.

त्याच सिनेटने दहा वर्षांपूर्वी काय केले होते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. मिसिसिपीतील वॉल्टर निक्सन नावाच्या फेडरल न्यायाधीशाला ग्रँड ज्युरीसमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली होती, तरी तो राजीनामा देत नव्हता आणि तुरुंगात असताना पगार घेत होता. १९८९ मध्ये सिनेटने त्याला पदावरून काढले. दोन प्रकरणांतील फरक असा सांगितला जातो की न्यायाधीश तहहयात असतो आणि राष्ट्राध्यक्षाला लोकांनी निवडलेले असते. हा फरक खरा आहे, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. न्यायाधीशाचे खोटे आधी न्यायालयात सिद्ध झाले होते आणि सिनेटसमोर फक्त परिणामाचा प्रश्न होता. क्लिंटन यांच्या बाबतीत खोटे होते की नव्हते हेच सिनेटने मतांनी ठरवायचे होते, आणि तेथे त्यांच्या पक्षाच्या एकाही सदस्याने त्यांच्याविरुद्ध मत दिले नाही. सत्य काय हे पक्षाच्या शिस्तीवर सोपवले की शपथेचा प्रश्न बाजूला पडतो आणि संख्याबळाची मोजणी तेवढी उरते. आपल्या विधानसभेत याहून वेगळे काही घडेल असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

खाजगी गोष्टीबद्दलचे खोटे खाजगीच राहते, हा समज किती चुकीचा आहे ते डेट्रॉइट शहराच्या उदाहरणात दिसते. तेथील महापौर क्वामे किलपॅट्रिक यांनी २००७ मध्ये आपल्या कार्यालयप्रमुख महिलेशी संबंध असल्याचे न्यायालयात शपथेवर नाकारले. वरवर पाहता हेही क्लिंटनसारखेच. पण तो दावा पोलीस खात्यातील अधिकाऱ्यांनी, आपल्याला सूडाने बाजूला केले गेले, अशा तक्रारीवर लावला होता. पुढे तो मिटवण्यासाठी शहराच्या तिजोरीतून चौऱ्याऐंशी लाख डॉलर गेले. मोबाइलवरचे संदेश वर्तमानपत्राच्या हाती लागले तेव्हा खोटे उघडे पडले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल करून पद सोडले. लपवायची गोष्ट घरातली होती, पण ती लपवण्यासाठी कुणाची नोकरी गेली आणि कुणाच्या कराचा पैसा गेला, हे पाहिल्यावर तिला घरातली म्हणता येत नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण आपल्या खेड्यांतला प्रश्न या सगळ्याहून अधिक रोकडा आहे. येथे नेता शपथेवर पहिल्यांदा बोलतो तो न्यायालयात नव्हे, तर नामनिर्देशनपत्र भरताना. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्रात आपल्यावरील गुन्हे, स्वतःची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण जाहीर करावे लागते. हा मतदाराचा माहितीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. पण प्रतिज्ञापत्रातील रकाना कोरा ठेवला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, आणि तोच रकाना खोट्या माहितीने भरला तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला अर्ज फेटाळता येत नाही. खोटेपणाबद्दल लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, एवढीच तरतूद आहे. सर्वसाधारणपणे दोन वर्षांची शिक्षा झाली तर सदस्यत्व जाते, आणि ज्या मोजक्या गुन्ह्यांत कमी शिक्षेवरही अपात्रता येते त्यांत हे कलम नाही. याचा सरळ अर्थ असा की, मतदारांना शपथेवर फसवल्याबद्दल एखादा आमदार पूर्ण दोषी ठरला, त्याला या कलमाखालची सर्वांत जास्त शिक्षा झाली, तरी तेवढ्यावरून त्याची आमदारकी जात नाही. ही शिक्षा किमान दोन वर्षे करावी आणि तिच्यासोबत अपात्रता यावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ च्या आपल्या २४४ व्या अहवालात केली. शिफारस कागदावरच राहिली.

याच महाराष्ट्रात सरपंचाचे काय होते, ते गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर सरपंच अपात्र ठरतो. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो आणि पद जाते. राखीव जागेवरून निवडून आल्यावर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तरी पद जाते. आमदाराला अपत्यांची अट नाही. मी येथे अपत्यांच्या अटीची बाजू घेत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण ज्याच्या हाती गावच्या नळयोजनेपलीकडे फारसे काही नसते त्याच्यासाठी नियम इतके बारीक, आणि ज्याच्या हाती राज्याचा अर्थसंकल्प आहे त्याच्यासाठी खोट्या शपथेलाही सहा महिन्यांची कमाल मर्यादा, ही विषमता मला सहन होत नाही.

आणि सरपंचाच्याही खाली कास्तकार आहे. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी आमच्या भागातील माणसे नवराबायको मिळून आपले सरकार सेवा केंद्रांसमोर दिवस दिवस रांगेत उभी होती. तेथे त्यांना आपण अमुक पदावर नाही, आपले उत्पन्न तमुक नाही, असे जाहीर करून अंगठा द्यावा लागत होता. कोणताही दाखला काढायला जा, स्वयंघोषणापत्राच्या तळाशी माहिती खोटी निघाल्यास खटला भरला जाईल याची मला पूर्ण जाणीव आहे, असे आपल्याकडून लिहून घेतले जाते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला एक लाख रुपयांची मदत देण्याआधी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांची छाननी होते, आणि कागदात काही कमी पडले तर प्रकरणावर ‘अपात्र’ असा शेरा बसतो. त्या बाईचा शब्द आपण इतक्या बारकाईने तपासतो. तिच्या मतदारसंघाच्या आमदाराने नमुना २६ मध्ये लिहिलेला शब्द मात्र कुणीतरी पदरमोड करून न्यायालयात जाईपर्यंत कुणीच तपासत नाही.

न्यायालयात गेल्यावर काय होते, त्याचाही अनुभव विदर्भाजवळ आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील प्रतिज्ञापत्रात दोन प्रलंबित प्रकरणांचा उल्लेख नाही, अशी देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्धची तक्रार नागपूरच्या न्यायालयातून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने पुन्हा नागपूरला आली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. निकालाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते नऊ वर्षांबद्दल. जो निर्दोष आहे त्याने नऊ वर्षे संशय वागवायचा आणि जो दोषी असेल त्याने तेवढ्याच काळात दोन निवडणुका लढवायच्या, ही व्यवस्था कुणाच्याच हिताची नाही. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघातील आमदाराने म्हैसूर विद्यापीठाची एमबीए पदवी असल्याची खोटी माहिती २०१२ च्या निवडणुकीत दिली होती. त्याची निवड रद्द झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये, पुढची निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर आली असताना. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत दाखल झाली पाहिजे, याबाबत कायदा कठोर आहे. ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही त्यात लिहिले आहे, पण ते केवळ प्रयत्नाच्या भाषेत.

प्रत्येक चूक म्हणजे खोटी शपथ नव्हे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अरुणाचल प्रदेशातील तेझूच्या आमदाराने विकलेली किंवा दिलेली, पण नोंदणी न बदललेली वाहने दाखवली नाहीत म्हणून त्याची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली आणि उमेदवाराला घरातली प्रत्येक लहानसहान वस्तू जाहीर करण्याची सक्ती नाही, असे सांगितले. हे मला योग्य वाटते. कुणी पत्नीच्या पाटल्यांचे वजन चुकीचे लिहिले किंवा भावकीत वाटणी न झालेल्या शेताचा हिस्सा अंदाजाने टाकला, तर त्याला खोटारडा म्हणणे अन्याय होईल. आपल्याकडे तर सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहिलेली घरे किती तरी आहेत. पण त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील आसिफाबादच्या प्रकरणात, पाच आर्थिक वर्षांपैकी चार वर्षांचे उत्पन्न न दाखवणे हीही गंभीर त्रुटी नाही असे ठरवले, तेव्हा मला सीमा फार पुढे ढकलली गेल्यासारखी वाटली. मालमत्ता दाखवली होती, हा त्यातला मुद्दा मी समजू शकतो. तरीही पाच वर्षांत नेत्याचे उत्पन्न कसे चढले हे पाहण्यासाठीच तो रकाना आहे. सालदाराच्या साक्षीत वाट कोणत्या रुंदीची होती हे चुकले असते तर चालले असते. वाट होती की नव्हती हे चुकून चालले नसते. मला फरक कळतो तो असा.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो मी गावात राहून रोज पाहतो. पदावरून काढण्याचे हत्यार ज्यांच्या हाती पडते, ती माणसे ते सत्यासाठी क्वचितच वापरतात. सरपंचपद महिलेला, दलिताला किंवा आदिवासीला राखीव झाले की निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जुन्या वजनदार घरांत कागद शोधले जातात. सासऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी गावठाणाबाहेर घातलेली झोपडी निघते, मुलाच्या जन्माची शाळेतली तारीख निघते. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना, त्या सासूसोबत सरकारी जागेवरील घरात राहतात या आरोपावरून अपात्र ठरवले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले, तेव्हा न्यायालयाने स्पष्ट म्हटले की महिला सरपंचाचे नेतृत्व स्वीकारणे गावकऱ्यांना जड जात होते. आमच्याच तालुक्यातील एका गावात जातवैधतेची फाइल समितीकडे अडकून पडली आणि त्यात बाईंचा काडीचाही दोष नसताना त्यांना पद सोडावे लागले. त्या दिवशी पारावर गुलाल उधळला गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या गुलालात शपथेबद्दलचा आदर कणभरही नव्हता.

म्हणून ‘खोटे बोलला, काढा’ एवढे म्हणून मला थांबता येत नाही. खोटे सिद्ध झाले पाहिजे, ते जाणूनबुजून होते हे सिद्ध झाले पाहिजे, आणि ते मतदाराच्या किंवा न्यायालयाच्या निर्णयाशी निगडित होते हेही सिद्ध झाले पाहिजे. अतिक्रमण आणि अपत्ये यांत शपथेचा प्रश्न प्रत्येक वेळी नसतोच, तेथे माणसाची परिस्थिती तपासली जाते. मी ज्याबद्दल लिहितो आहे ती परिस्थिती नव्हे, ते वर्तन आहे. गरिबीमुळे कुणी सरकारी जागेवर राहू शकतो, पण गरिबीमुळे कुणाला स्वतःवरचा फौजदारी खटला विसरावा लागत नाही. तमिळनाडूतील एका पंचायत अध्यक्षाने आपल्यावरील गुन्हे दडवले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, गुन्हे दडवणे हा मतदारावर गैरवाजवी प्रभाव टाकण्याचा भ्रष्ट प्रकार आहे, असे म्हटले. तो निकालही पुन्हा खेड्यातल्याच माणसाबाबत आला, याची मी नोंद घेतो.

दुसरा आक्षेप असा येतो की, लोकांनी निवडले आहे, लोकच पाडतील, न्यायालयाने मध्ये पडू नये. हे ऐकायला लोकशाहीचे वाटते. पण शेतजमिनीच्या व्यवहारात आपण असे म्हणतो काय? १८७२ च्या करार कायद्यात, फसवणुकीने संमती घेतली असेल तर तो करार रद्द करण्याचा पर्याय फसवल्या गेलेल्या माणसाला दिलेला आहे. विहिरीला पाणी आहे असे खोटे सांगून वावर विकले, तर खरेदीदाराला ‘आता पाच वर्षे थांब’ असे कुणी सांगत नाही. प्रतिज्ञापत्र वाचून मत देणारा मतदार त्या खरेदीदाराच्या जागी आहे, आणि पर्याय त्याच्याकडे परत गेला पाहिजे. परत जाणे म्हणजे त्या नेत्याला कायमचे मिटवणे नव्हे. फ्लोरिडाचे न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज यांना १९८९ मध्ये लाचेचा कट आणि खोटी साक्ष यांवरून सिनेटने काढले. १९९२ मध्ये ते त्याच अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेवर निवडून आले आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत सदस्य राहिले. मतदारांनी सारे माहीत असताना त्यांना निवडले, त्यात कुणाची फसवणूक झाली नाही. मला ते अजिबात खटकत नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने खासदाराला कैदेची शिक्षा झाली तर मतदारसंघातील दहा टक्के मतदार सह्या करून त्याची जागा रिकामी करू शकतात. वेगमर्यादा मोडल्याच्या प्रकरणात गाडी कोण चालवत होते याबद्दल पोलिसांशी खोटे बोलल्यामुळे तुरुंगात गेलेल्या पीटरबरोच्या खासदार बाईंची जागा २०१९ मध्ये अशीच रिकामी झाली. सह्या एक चतुर्थांशाहून अधिक मतदारांनी केल्या होत्या. आधी न्यायालय, मग मतदार, हा क्रम त्यात पाळला गेला.

आपल्याकडे हा क्रम अगदीच अनोळखी नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने मंजूर केला तरी तो तेवढ्याने लागू होत नाही. ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्याला मान्यता मिळावी लागते. जे आपण गावच्या पातळीवर कायद्याने करतो, ते मतदारसंघाच्या पातळीवर का करू नये? प्रतिज्ञापत्राबद्दलच्या तक्रारी उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे एका वर्षात निकाली निघाव्यात. खोटेपणा सिद्ध झाला की जागा रिकामी व्हावी, आणि त्या नेत्याला पोटनिवडणुकीत उभे राहायचे असेल तर त्याच्या नव्या प्रतिज्ञापत्राच्या पहिल्याच ओळीत न्यायालयाचा निष्कर्ष छापला जावा. पदावर असताना न्यायालयात किंवा चौकशी आयोगासमोर शपथेवर खोटे सांगितल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास मात्र, शिक्षा किती महिन्यांची आहे हे न पाहता अपात्रता यावी, कारण पोलीस आणि सरकारी वकील ज्याच्या अखत्यारीत काम करतात त्याने न्यायालयाला फसवणे याचा परिणाम एका निवडणुकीपुरता राहत नाही. १९८२ आणि १९८६ मध्ये या राज्याचे दोन मुख्यमंत्री, ए. आर. अंतुले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर, उच्च न्यायालयाने प्रतिकूल निष्कर्ष काढल्यावर पायउतार झाले होते. तेव्हा त्यांना तसे करायला कोणत्याही कलमाने भाग पाडले नव्हते. ती रीत मोडली, म्हणून आता कलमाची गरज पडते आहे.

हे कलम विधानसभा आपणहून करील अशी माझी अपेक्षा नाही. म्हणून येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. कोणत्याही निवडणुकीत आमच्या मतदारसंघातील उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे ग्रामपंचायत कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावीत, आणि मतदानाआधी बाजाराच्या दिवशी ती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावीत. मतदारसंघात कुणाची किती शेती आहे, कुणाचे बांधकाम कुठे चालू आहे आणि कुणावर कोणत्या ठाण्यात गुन्हा आहे, हे बाजाराला आलेल्या माणसांना निवडणूक आयोगापेक्षा अधिक माहीत असते. वाचताना एखादी ओळ खोटी निघाली तर ती सांगायला कुणीतरी उठेल, आणि ४५ दिवसांची मुदत सुरू होण्याआधीच त्याच्याकडे कागद तयार असेल. ठरावाचे सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदक म्हणून मी त्या सालदाराच्या मुलाला विचारले आहे, तो आता आमच्याच गावात परत येऊन दुसऱ्याचे वावर ठेक्याने करतो. त्याने विचार करून सांगतो असे म्हटले आहे.